एसपीएमचं पॅनेल उन्हाळ्यात तापतं, पावसात ट्रिप होतं, ॲक्सिसमध्ये ढिलाई: नेमकं बदलायचं काय?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमचा छोटा मशिनिंगचा कारखाना आहे. पंपाच्या बिडाच्या कास्टिंगचं बोअरिंग करतो. त्यासाठी एक एसपीएम, म्हणजे एकाच ठराविक कामासाठी बनवलेलं खास मशीन, आहे. १५ किलोवॅटचा स्पिंडल व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) चालतो, आणि ६०० मिमी चालीची एक सर्व्हो ॲक्सिस एलएम रेल (गोळ्यांच्या ब्लॉकची सरळ रेल) आणि बॉल स्क्रूवर (गोळ्यांच्या नटचा स्क्रू). शेजारच्या गाळ्यात फाउंड्री आहे. त्यांच्या नॉकआउटची (साचा फोडून कास्टिंग काढण्याची) आणि शॉट ब्लास्टिंगची धूळ आमच्याकडे येते, शिवाय आमचा स्वतःचा बिडाचा बुरादा आहेच.

दोन दुखणी आहेत. पहिलं पॅनेलचं. एप्रिल-मेमध्ये दुपारी व्हीएफडी 'ओव्हर टेंपरेचर' दाखवून बंद पडतो, मग मुलं दार उघडून समोर पेडेस्टल फॅन लावतात. जून-जुलैत पहिल्या पाळीला मशीन चालू करताना 'अर्थ फॉल्ट' येतो, आणि तासाभरानं तोच ड्राइव्ह बिनतक्रार चालतो. पॅनेल १००० मिमी उंच, ८०० रुंद, ३०० खोल, भिंतीला टेकलेलं, बाजूला फिल्टर फॅन, पाटीवर आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा).

दुसरं दुखणं मापाचं. दोन बोअरमधलं अंतर सकाळी एक, दुपारी एक. डायल लावून टेबल उलट दिशेला वळवलं की सुमारे ६० मायक्रॉनची ढिलाई दिसते.

आमचा पुरवठादार म्हणतो, पॅनेल काढून पूर्ण बंद आयपी ६६ बसवा, आणि सध्याच्या सी५ (अचूकतेचा ग्रेड) स्क्रूऐवजी सी३ ग्रेडचा नवा ग्राइंड केलेला स्क्रू घ्या. खर्च करायची तयारी आहे, पण आमच्या आकाराच्या कारखान्याला तो एकदाच झेपणार. म्हणून आधी जाणत्यांना विचारतोय.

---

रेवती_भोसरी

मी पॅनेल बनवते, म्हणून पॅनेलपुरतं बोलते. व्हीएफडी आहे तसाच आत ठेवून बंद आयपी ६६ पेटी अजिबात घेऊ नका. हिशेब मांडते, तुम्हीच बघा.

व्हीएफडीचा तोटा साधारण ३ टक्के धरतात. १५ किलोवॅटला पूर्ण भारावर ही झाली ४५० वॅट उष्णता. रंगवलेल्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे, साधारण ५.५ वॅट बाहेर जातात. भिंतीला टेकलेल्या एकट्या पेटीचा उपयोगी पृष्ठभाग असा काढतात: १.४ × रुंदी × (उंची + खोली) + १.८ × खोली × उंची. तुमच्या मापांना तो जेमतेम २ चौरस मीटर येतो. ४५० ला ५.५ × २ नं भागा, ४१ अंश. शॉपमध्ये ३८ असतील तर पेटीत ७९! स्पिंडल कायम पूर्ण भारावर नसतो हे मान्य. निम्माच भार धरला तरी आत ५८. बहुतेक ड्राइव्ह ४० अंशांसाठी रेट केलेले असतात, त्यापुढे क्षमता उतरवून वापरायचे. आणि आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं असा ठोकताळा आहे, तो मला कामात खरा वाटत आलाय.

आता आयपीचा आकडा. पहिला अंक घन वस्तूंचा: ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी कामात बिघाड होऊ नये इतपत, ६ म्हणजे धूळ आत नाहीच. दुसरा पाण्याचा: ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे ६.३ मिमी नोझलमधून मिनिटाला १२.५ लिटर, ६ म्हणजे १२.५ मिमी नोझलमधून मिनिटाला १०० लिटर, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ मिळाला म्हणजे ६ आपोआप मिळाला असं नाही, त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आणि चाचणीत काय वापरतात? स्वच्छ पाणी आणि टाल्कम पावडर, तीही नव्या पेटीवर. कूलंट नाही, तेल नाही, चार पावसाळे बघितलेलं गॅस्केट नाही. ईपीडीएम रबराचं गॅस्केट खनिज तेलात फुगतं. तेलाच्या जागी नायट्राइल रबर लागतं, पण ते उन्हात तडकतं. हे पाटीवर कुठेच लिहिलेलं नसतं.

प्रमाणपत्र कारखान्यातून निघालेल्या पेटीचं असतं. साइटवर होल सॉनं वरून भोक पाडून केबल टाकली, ग्लँड (केबल आवळून भोक सील करणारा भाग) एक मापानं मोठा बसवला, जुन्या केबलचं भोक टेपनं बुजवलं, की तो आकडा संपला. शिरोलीकर, तुमच्या पॅनेलच्या ग्लँड प्लेटचा फोटो टाकाल का? मला दारापेक्षा तिथलीच काळजी जास्त वाटते.

---

चंद्रकांत_सातपूर

रेवतीताईंचा हिशेब पटला. पण मग फॅन तसाच ठेवावा असं माझं मत. फक्त हवा बाहेर ओढणारा फॅन असेल तर तो उलटा करा. हवा फिल्टरमधून आत ढकलली की पेटीत किंचित दाब राहतो आणि फटींमधून धूळ आत शिरत नाही. बाहेर ओढणारा फॅन प्रत्येक फटीतून धूळ आत खेचतो. आमच्याकडे नाशिकला ऑटो पार्ट्सच्या लाइनवर असंच करतो आणि पॅनेल स्वच्छ राहतात. फिल्टरची मॅट वेळेवर बदलायची, एवढंच पथ्य.

---

रेवती_भोसरी

चंद्रकांतजी, दाबाचं अगदी बरोबर, आणि तुमच्या लाइनवर ते चालणारच. इथे अडचण धुळीच्या जातीची आहे. बिडाचा बारीक बुरादा वीज वाहून नेतो. फिल्टरमधून सुटलेला थोडासाही बुरादा टर्मिनलांमध्ये बसला आणि वर पावसाळ्याची ओल आली की सकाळचा अर्थ फॉल्ट तयार. तासाभरानं ड्राइव्ह तापून ओल उडते आणि फॉल्ट जातो. हे वर्णन शिरोलीकरांच्या लक्षणांशी तंतोतंत जुळतं. शिवाय फाउंड्रीशेजारी मॅट किती लवकर चोंदते ते तुम्हालाही ठाऊक आहे. चोंदलेला फॅन म्हणजे फॅन नसल्यासारखंच, वर मुलं दार उघडतात.

माझा सल्ला: ड्राइव्ह फ्लँज माउंट करा. पेटीच्या पाठीत खिडकी कापून ड्राइव्हचा हीट सिंक बाहेर काढायचा आणि इलेक्ट्रॉनिक्स आत ठेवायचं. बऱ्याच कंपन्या त्यासाठी किट देतात. बहुतांश उष्णता परस्पर बाहेर जाते आणि मग पेटी खरोखर बंद ठेवता येते. त्यासाठी पॅनेल भिंतीपासून पुढे घ्यावं लागेल आणि हीट सिंकच्या पात्या साफ करायची सवय लावावी लागेल. ब्रेकिंग रेझिस्टर आत असेल तर तोही बाहेर, जाळीच्या डब्यात.

उरलेल्या उष्णतेला छोटा पॅनेल एसी लागला तर त्याचं सेटिंग ३५ ठेवा. हे कळकळीनं सांगते. लोक घरच्यासारखा २२ वर लावतात. कोल्हापूरच्या जुलैत दार उघडलं की बाहेरची दमट हवा थंड पत्र्याला लागते आणि आत पाणी सुटतं. सुट्टीच्या दिवसासाठी आर्द्रता बघून चालू होणारा छोटा हीटर बसवा. पॅनेल बंद असतानाच त्याची गरज असते, म्हणून त्याचा पुरवठा मेन आयसोलेटरच्या आधीचा, वेगळ्या एमसीबीवरून आणि ठळक खूण करून घ्या. दुरुस्तीला हात घालणाऱ्याला ती तार जिवंत असते हे कळलंच पाहिजे.

---

लोटे_इन्स्ट्रुमेंट

पेटी 'श्वास घेते' हा मुद्दा राहिला. काम चालू असताना आत ५५ अंश आणि संध्याकाळच्या सरीनं ती २५ वर आली, तर पूर्ण बंद पेटीत दाब सुमारे ९ टक्के उतरतो, म्हणजे जवळपास ९ किलोपास्कल. आयपी ६ च्या धूळ चाचणीत जास्तीत जास्त २ किलोपास्कलनं ओढतात. म्हणजे आपल्या हवेत पेटीवरची ओढ चाचणीपेक्षा जास्त असू शकते. ती भागवायला हवा कुठून तरी येते, आणि गॅस्केटवर पाण्याची रेघ बसलेली असेल तर हवेबरोबर पाणीही. उपाय साधा आहे: पेटीच्या खालच्या भागात मेंब्रेनचा व्हेंट प्लग. हवा जाते-येते, पाण्याचा थेंब जात नाही.

आमच्याकडे केमिकल झोनमध्ये प्रश्न वेगळा. हायड्रोजन सल्फाइडनं तांबं काळं पडतं आणि रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्ट खराब होतात. तिथे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) किंवा जीआरपीच्या (काचतंतूच्या प्लास्टिकच्या) पेट्या, कलई केलेले बसबार आणि कोटिंग केलेली कार्डं मागवतो. समुद्राकडच्या हवेत ३०४ स्टेनलेसवरही तपकिरी डाग येतात.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, कारण चुकीची समजूत मी वारंवार ऐकतो: फ्लेमप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. फ्लेमप्रूफ पेटीत स्फोट आत होऊ शकतो हे गृहीतच धरलेलं असतं. झाकणाच्या घासलेल्या पृष्ठभागांमधल्या अरुंद फटीतून बाहेर पडताना तो वायू इतका थंड होतो की बाहेरचा वायू पेटत नाही. त्या पृष्ठभागावर रंग लावणं, मनानं गॅस्केट घालणं, एक बोल्ट कमी लावणं, जास्तीचं भोक पाडणं, यातलं काहीही केलं की नागपूरच्या पेसोची (स्फोटक सुरक्षेच्या सरकारी संस्थेची) मंजुरी असलेली पेटी साधा लोखंडी डबा होते. यात माणसं जातात.

---

शिरोलीकर

रेवतीताई, फोटो टाकलाय. ग्लँड प्लेटवर तीन भोकं मोकळी आहेत आणि एका ग्लँडमधून दोन केबली घातल्यात. फॅन हवा बाहेर ओढणारा निघाला. तळाशी काळी भुकटी साठलीय, आणि एक वाळलेली पालही सापडली.

लोटेकर, व्हेंट प्लगचं माहीतच नव्हतं, मागवतो. आता ॲक्सिसबद्दल कुणी सांगेल का?

---

रेवती_भोसरी

मोकळ्या भोकांना धातूचे ब्लँकिंग प्लग लावा, आणि दोन केबलींच्या जागी दोन भोकांचं सीलिंग इन्सर्ट असलेला ग्लँड घ्या. भुकटी व्हॅक्यूमनं काढा, हवेच्या गननं उडवू नका, नाहीतर ती कार्डांत जाऊन बसेल. आधी आयसोलेटर बंद करून कुलूप लावा आणि ड्राइव्हवर लिहिलेली डिस्चार्जची मिनिटं थांबा. पालींचं म्हणाल तर केबल एंट्री मोकळी असेल तिथे त्या हमखास येतात, रात्री पॅनेल उबदार असतं.

---

नाना_फिटर

मशीन टूलच्या मेंटेनन्समध्ये माझी नोकरी झाली. शिरोलीकर, नवा स्क्रू मागवण्याआधी ढिलाई कुठे आहे ते शोधा. ६० मायक्रॉन हा आकडा टेबलावरचा आहे. तो नटचा असेल, सपोर्ट बेअरिंगचा असेल, कपलिंगचाही असेल.

स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस लावून स्टीलची एक गोळी बसवा. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावा, टोक सपाट घ्या, आणि ते गोळीवर टेकवा. आता हँडव्हीलनं ॲक्सिस थोडी पुढे, थोडी मागे. दिशा बदलताना स्क्रूचं टोक स्वतःच आत-बाहेर सरकलं तर फिक्स्ड बाजूचं बेअरिंग सैल आहे किंवा लॉकनट ढिला. टोक स्थिर आणि टेबल मात्र मागे राहतंय, तर नट झिजलाय. कपलिंगवर शाफ्टपासून हबपर्यंत मार्करची सरळ रेघ मारा. दोन-चार पाळ्यांनी रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग सरकतंय.

सी३ बद्दल. सी५ म्हणजे ३०० मिमीत १८ मायक्रॉनपर्यंतची चूक, सी३ म्हणजे ८. ही पिचची चूक आहे. ती कंट्रोलरमध्ये पिच एरर कॉम्पेन्सेशननं बरीचशी काढता येते. ढिलाईचा आणि ग्रेडचा संबंध नाही. ढिलाई प्रीलोडवर (गोळ्या आधीच घट्ट दाबून बसवण्यावर) आणि झिजेवर ठरते. आजचा बुरादा तसाच राहिला तर सी३ चा महाग स्क्रूही सी५ इतक्याच लवकर झिजेल.

सकाळ-दुपारचा फरक बहुधा तापमानाचा आहे. पोलाद दर मीटरला दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. ६०० मिमी चालीत स्क्रू १० अंश तापला की ७० च्या आसपास मायक्रॉन. नवा स्क्रूही तेवढाच वाढणार. म्हणून सकाळी काही वेळ ॲक्सिस पूर्ण चालीत फिरवून मगच पहिला जॉब घ्या. त्यानं भागलं नाही तर लिनिअर स्केलचा विचार करा, कारण स्केल टेबलाची खरी जागा मोजतं, स्क्रूचा भरवसा धरत नाही. स्केलमध्ये कोरडी, गाळलेली हवा थोड्या दाबानं सोडायची सोय करूनच घ्या. नाहीतर रेवतीबाईंच्या पॅनेलचंच दुखणं तिथे होईल.

आता रेल. तुम्ही ढिलाईचं लिहिलंत, रेलबद्दल काहीच नाही, पण मला खरी काळजी तिथली आहे.

---

शिरोलीकर

नाना, रेलवर वरून बेलोज (घड्यांचं आवरण) आहे. ऑपरेटर पाळी संपली की हवेच्या गननं साफ करतात. ग्रीस महिन्यातून एकदा गननं भरतो, आमच्याकडे सगळ्या मशिनांना चालणारं काळं मोली ग्रीस आहे तेच.

---

नाना_फिटर

ही दोन्ही कामं आजपासून बंद करा.

हवेची गन. एलएम ब्लॉकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतं, त्याची ओठासारखी कड रेलला टेकून बुरादा बाहेर ठेवते. ती हळूहळू येणारी घाण पुसून काढण्यासाठी केलेली आहे, कंप्रेसरच्या झोताला अडवण्यासाठी नव्हे. झोतानं बारीक बुरादा कडेखालून आत जातो आणि ग्रीसमध्ये मिसळतो. बीड, थोडी फाउंड्रीची सिलिका आणि ग्रीस, झाली लॅपिंग पेस्ट. ब्लॉक मग स्वतःची रेल घासत बसतो. ब्रश, कापड, व्हॅक्यूम, एवढंच वापरा.

ग्रीस. फिरत्या गोळ्यांच्या गाईडमध्ये ग्राफाइट किंवा मोलीसारखी घन भुकटी असलेलं ग्रीस घालू नका असं रेल बनवणारे स्वतः कॅटलॉगमध्ये सांगतात. लिथियम बेसचं, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक), घन भुकटी नसलेलं घ्या. नवं घालताना जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत भरा. वेगवेगळ्या बेसची ग्रीस मिसळली, लिथियममध्ये पॉलियुरिया गेलं समजा, तर ती पातळ होऊन गळू शकतात. भरल्यावर टेबल पूर्ण चालीत फिरवा. रोजची चाल छोटी असेल तर हे फार महत्त्वाचं, नाहीतर गोळ्यांचा काही भाग कोरडाच राहतो.

महिन्याचा हिशेबही सोडा. ग्रीस किती किलोमीटर चालीनंतर द्यायचं ते कॅटलॉगमध्ये दिलेलं असतं. धूळ आणि कूलंट असेल तर त्याहून बरंच लवकर. जमलं तर आपोआप तेल देणारं सेंट्रल लुब्रिकेशन बसवा. त्याचा मोठा फायदा असा की ताजं तेल ओठाखालून सतत बाहेर सरकत राहतं आणि घाणीला आत यायला जागा मिळत नाही.

मग रेलच्या बोल्टांची भोकं बघा. त्यांवर टोप्या आहेत का? नसतील तर प्रत्येक भोक म्हणजे बुराद्याची वाटी, आणि ब्लॉक प्रत्येक फेरीत त्यावरून जातो. टोप्या रेलच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट बसायला हव्यात, वर आलेली टोपी सीलची कड कापते. नव्या ब्लॉकना डबल सील आणि पुढे धातूचं स्क्रॅपर मागवा. ब्लॉक थोडा लांब होईल, तेव्हा चाल पुरते का ते आधी मोजा, आणि घर्षण वाढेल.

कॅटलॉगमधलं आयुष्याचं सूत्र भार आणि रेटिंग यांच्या गुणोत्तराचा घन घेतं. भार निम्मा केला की आयुष्य आठपट. हे सगळं स्वच्छ, वंगण असलेल्या रेलसाठी. मी रेल भारानं थकून गेलेल्या क्वचित बघितल्या. घाणीनं आणि कोरड्या चालल्यानं गेलेल्या जन्मभर बघितल्या.

---

म्युनिकवासी

नानांच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. पॅनेलबद्दल एक छोटी भर: इथल्या प्लांटमध्ये पॅनेलच्या दारावरच एक झाकणाची सर्व्हिस खिडकी असते, त्यात प्रोग्रॅमिंगचं सॉकेट. लॅपटॉप जोडायला दार उघडावंच लागत नाही. शिरोलीकर, पेटी कापताय तर हेही करून घ्या.

---

शिरोलीकर

नानांची गोळीची परीक्षा केली. टेबल ६० मायक्रॉन मागे राहतं, त्यातले ४० स्क्रूच्या टोकावरच दिसतात. कपलिंगची रेघ शाबूत. बोल्टांच्या निम्म्या भोकांवर टोप्या नाहीत. मोटरच्या बाजूला दोन अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग आहेत, लॉकनट हातानं हलत नाही. म्हणजे बेअरिंगच गेलंय ना? ते आम्ही इथे बदलू शकतो का, की कंपनीला बोलवायचं?

---

नाना_फिटर

बहुतेक बेअरिंग. तुमच्याकडे हात चांगला असेल तर इथेच होईल, पण घाई नको. बॉल स्क्रू सपोर्टची बेअरिंग जुळवलेल्या जोडीतच घ्या, बाजारातून दोन सुटी आणून लावू नका. जोडीच्या बाहेरच्या रिंगांवर मिळून एक व्ही खूण असते, ती जुळली पाहिजे. जुनी काढताना त्यांची तोंडं कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. मध्ये शिम घालून किंवा काढून प्रीलोड 'जमवू' नका, तो रिंगांच्या घासणीतच दिलेला असतो. बसवताना कधीही गोळ्यांमधून ठोका जाऊ देऊ नका. लॉकनट कॅटलॉगमधल्या टॉर्कला आवळा, आणि सेट स्क्रूखाली पितळी पॅड असेल तर तो परत घाला, नाहीतर आटे खराब होतात. बेअरिंगच्या कव्हरचं सीलही बदला, बुरादा तिथूनच गेला असणार.

त्यानंतर पुन्हा डायल लावा. उरलेले २० मायक्रॉन तेवढेच राहिले तर ते नटचे. मग स्क्रू काढून मोठ्या गोळ्या भरून प्रीलोड परत मिळतो का ते बघता येतं, पण आटे खडबडीत झाले असतील तर नाही. नखानं चाचपून बघा आणि इथे लिहा. बेलोज उचलून रेलच्या दोन्ही टोकांचे फोटोही टाका, टोकाला काळी रेघ साठली असेल तर ब्लॉक याच खेपेला उघडावे लागतील.